कन्सोलचा खप कशाने जास्त मार खातो: कॉपी गेममुळे की मशीन वेळेवर न मिळाल्यामुळे?

मिऱ्याबंदर:

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मागणी-पुरवठ्याचा एखादा खरा विषय निवडायचा होता. हापूस आणि मासळी वर्गातल्या अर्ध्या मुलांनी घेतलीच होती, म्हणून मी व्हिडिओ गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, हा विषय घेतला. सर हो म्हणाले, पण अट घातली: नुसते नेटवरचे आकडे चालणार नाहीत, विकणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांशी बोलून लिही.

माझ्या मित्राचं ठाम मत आहे की पायरसीनेच, म्हणजे गेमच्या चोरट्या कॉपीनेच, कन्सोल बुडतात. गेम फुकट मिळाली की कंपनी संपली. मला ते पूर्ण पटत नाही, त्याला कारण माझा स्वतःचा अनुभव. 2021 ला मी दहावीत होतो. परीक्षा रद्द झाली, तरी बाबांनी शब्द पाळला आणि पीएस5 साठी, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन 5 कन्सोलसाठी, पैसे बाजूला काढून ठेवले. जुलैपासून दिवाळीपर्यंत मी रोज वेबसाइट उघडून बघत होतो. मिळाला नाही. शेवटी त्या पैशांत लॅपटॉप आला आणि आजही आमच्या घरी कन्सोल नाही. म्हणजे पूर्ण पैसे मोजायला तयार असलेलं गिऱ्हाईक गेलं, आणि त्यात कॉपीचा काही संबंधच नव्हता.

कोकणात कोणी कन्सोल विकले असतील, पार्लर चालवलं असेल, तर कृपया सविस्तर लिहा. कंपन्या मुद्दाम माल कमी सोडतात का, हेही जाणून घ्यायचं आहे.

दांडी_मालवण:

तुझ्या मित्राचा म्हणणा खरा आसा. ड्रीमकास्ट बघ. सेगाने 1998 ला जपानात काढला, 1999 ला अमेरिकेत. गेम 1 जीबीच्या खास जीडी-रॉमवर, म्हणजे साध्या सीडीवर कॉपी होणारच नाही असा भरवसा. पण त्याच मशीनमध्ये एमआयएल-सीडी नावाच्या गाण्याच्या सीडीसाठी एक दार उघडं ठेवलेलं होतं. 2000 मध्ये लोकांनी तेच दार पकडलं. ना चिप, ना सोल्डरिंग. सीडी राइट करा, घाला, खेळा. 2001 च्या मार्चमध्ये मशीनचं उत्पादन बंद आणि सेगा कन्सोलच्या धंद्यातून कायमची बाहेर. सगळे मिळून 90 लाखांच्या आसपास विकले गेले. याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

वाशिष्ठीकाठ:

मिऱ्याबंदर, तुझा प्रश्न वाचला आणि कपाटातून वही काढून बसलो.

मी चिपळूणला बाजारपेठेत 2004 ते 2012 गेम पार्लर चालवत होतो. त्याच्या आधीपासून टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं काम आहे, आजही तेच करतो. त्यामुळे जे लिहितोय ते काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

पीएस2 जपानात आला 2000 च्या मार्चमध्ये. माझ्या हातात पहिला आला 2004 च्या मे महिन्याच्या तोंडावर. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर घेतला, चिप मारलेला, आणि रातराणीने मांडीवर ठेवून आणला. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावाला येतात, ती पहिल्याच आठवड्यात दारात रांग लावून उभी. तासाला 20 रुपये. गणपतीपर्यंत दुसरं मशीन आलं, पुढच्या मे महिन्यात तिसरं.

चिप म्हणजे काय ते तुझ्या प्रकल्पात नीट लिही, कारण लोक नुसतं 'क्रॅक' म्हणून सोडून देतात. ओरिजिनल डिस्कवर कारखान्यातच एक खूण उमटवलेली असते. घरच्या रायटरने ती उमटत नाही. मशीन सुरू झालं की आधी ती खूण शोधतं, नाही सापडली तर लाल पडदा आणि 'योग्य डिस्क घाला' असा संदेश. चिप त्या तपासणीच्या क्षणी मधे पडते आणि मशीनला सांगते की खूण आहे. केसाएवढ्या बारीक वायरी, वीसच्या वर टाके. आमच्या पावसाळ्यात हवेतल्या ओलीने टाक्यांवर हिरवी बुरशीसारखी कीट धरायची. मी मशीनच्या कपाटात रात्रभर 40 वॅटचा बल्ब पेटवून ठेवायचो. लेन्स दर पंधरा दिवसांनी स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसायची. हलक्या डीव्हीडीवर लेन्सला फार ताण पडतो, वाचता वाचता ती थकते. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली आणि जांभळा रंग एकसारखा दिसला नाही, की मी ती बाजूला टाकायचो.

आता वहीचं सांगतो. पार्लरमध्ये खेळणाऱ्या पोरांचे आईवडील पुढे मलाच विचारू लागले, की आमच्यासाठी एक आणाल का. मी आणून द्यायचो आणि वहीत लिहायचो: नाव, गाव, तारीख, आणि समोर 'चि' किंवा 'ओ'. चिपवाला की ओरिजिनल. आठ वर्षांत 43 मशीनं. चिपळूण, खेर्डी, सावर्डे, अलोरे, दोन गुहागरला, एक थेट दापोलीला. त्यातली 41 'चि'. 'ओ' फक्त दोन, एक डॉक्टर आणि एक पुण्याहून बदलून आलेले बँकेतले साहेब. साहेबांचे गेम पुण्याहून यायचे.

बाकीच्या 41 जणांनी ओरिजिनल का नाही घेतला? पैसा हे कारण होतंच. माझ्याकडची डीव्हीडी 60 रुपयांना आणि ओरिजिनल हजाराच्या पुढे. पण त्याच्या आधी एक कारण होतं. ओरिजिनल डिस्क मिळतच नव्हती. मी चिपळुणात शोधली, रत्नागिरीला दोनदा येऊन शोधली. टीव्हीच्या शोरूममध्ये मशीन काचेत ठेवलेलं दिसायचं, डिस्क विचारली की 'मागवून देऊ' म्हणायचे. मग त्या मशीनचं माणसाने करायचं काय? गेम नसलेला कन्सोल म्हणजे पाणी नसलेली पन्हळ.

म्हणून मी ठामपणे म्हणतो: आमच्या तालुक्यात पीएस2 कॉपीने खपवला. कॉपी नसती तर या 43 पैकी दोनच विकले गेले असते. जगभर हे मशीन 15.5 कोटींच्या वर गेलं आणि त्याच मशीनच्या गेमची कॉपीही सर्रास होत होती. हे आमच्यापुरतं नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेटवाले 8-बिट टीव्ही गेम घरोघर आले, तेही जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल होते. मूळ कंपनीचा माल इथे सहजी मिळायच्या आधी नकलेने गिऱ्हाईक तयार करून ठेवलं होतं.

आता उलट बाजू. पीएस3 भारतात 2007 ला आला, 39,990 रुपयांना. 2010 पर्यंत तो कोणाला फोडता आला नाही. त्या काळात माझ्याकडून एकही पीएस3 गेला नाही. लोक विचारायचे, 'याच्यात आपल्या डीव्हीडी चालतात का?' मी नाही म्हटलं की वळायचे आणि पीएस2 घ्यायचे. पण हे सोनीचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. जगात पीएस3 गेला 8.7 कोटींच्या वर, आणि ज्याच्या डिस्क ड्राइव्हचा आतला प्रोग्राम बदलून लोक सर्रास कॉपी चालवायचे तो मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स 360 गेला 8.4 कोटींच्या आसपास. जवळपास बरोबरी. कॉपी बंद झाल्याने जो फरक पडला तो आमच्यासारख्या गावांत पडला. हिशेबाच्या मोठ्या कागदावर तो दिसतही नाही.

आणि आता तुझ्या अनुभवाशी जुळणारं.

पीएस5 भारतात आला 2 फेब्रुवारी 2021 ला, किंमत 49,990. त्याची प्री-ऑर्डर 12 जानेवारीला दुपारी सुरू झाली आणि काही मिनिटांत संपली. तेव्हा पार्लर बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, पण जुनी पोरं, आता नोकरी-धंद्याला लागलेली, माझ्याकडेच आली. 'काका, तुम्ही आणाल.' मी वहीत नवीन पान घातलं. 11 नावं. एकाचाही 'चि' नाही! सगळ्यांना ओरिजिनल हवा होता, डिस्कसकट, बिलासकट. नव्या गेमची डिस्क 4,999 आणि मशीनवर 28 टक्के जीएसटी, हे माहीत असून. 2004 मध्ये जी गोष्ट मला अशक्य वाटली असती ती समोर उभी होती.

मी प्रत्येक खेपेला वेबसाइटवर बसलो. पिनकोड 415605 टाकला की 'या ठिकाणी पोहोचवत नाही'. मग डोंबिवलीच्या मेहुण्याचा पिन टाकला, तोवर माल संपलेला. एका विक्रेत्याने फोनवर सांगितलं, मशीन देतो पण दोन गेम आणि एक जादा कंट्रोलर घ्यावाच लागेल. ब्लॅकवाले 70 हजारांच्या खाली बोलत नव्हते. मी एकालाही ब्लॅकने घेऊन दिला नाही. ज्या पोरांना मी 20 रुपयांत तासभर खेळवलं त्यांच्याकडून 20 हजार जास्त घेऊन कोणा दलालाला द्यायचे, हे माझ्याने झालं नसतं.

22 जुलैला पूर आला. 2005 च्या पुरात मी तिन्ही पीएस2 माळ्यावर टाकून वाचवले होते. या वेळी पाणी माळ्याच्याही वर गेलं. त्या 11 पैकी सात जणांची घरं किंवा दुकानं पाण्यात होती, आणि कन्सोलसाठी काढलेले पैसे चिखल उपसायला, फ्रिजला, वायरिंगला गेले. त्याच जुलैमध्ये सोनीने जाहीर केलं की जगात 1 कोटी पीएस5 विकले गेले, त्यांच्या कुठल्याही कन्सोलपेक्षा वेगाने. मी ती बातमी दुकानातला गाळ काढताना मोबाइलवर वाचली. एक कोटी, आणि माझ्या 11 जणांसाठी एकही नाही.

मशीन फेब्रुवारीत मिळालं असतं तर ते पुरात गेलं असतं, असं कोणी म्हणेल. गेलं असतं. पण गिऱ्हाईक राहिलं असतं.

11 पैकी दोघांनी पुढे घेतला, 2023 मध्ये, जेव्हा माल मोकळा झाला होता आणि किंमत 54,990 झाली होती. चौघे मोबाइलवर खेळतात. 2021 च्या जुलैमध्येच बीजीएमआय हा मोबाइल गेम फुकट आला होता आणि 20 हजारांच्या फोनवर छान चालत होता. बाकीच्यांनी खेळणंच सोडलं. कॉपीवाला माणूस उद्या ओरिजिनलकडे येतो, हे मी पाहिलंय. माल न मिळून गेलेला माणूस परत आलेला मी फार थोडा पाहिला.

मिऱ्याबंदर:

काका, हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. मनापासून आभार. एक विचारतो: कंपनी मुद्दाम माल अडवून ठेवत होती असं माझे बरेच मित्र म्हणतात. तुम्हाला तसं वाटतं का?

देवगडकर_पुण्यात:

काकांचं वाचून भरून आलं, पण एका ठिकाणी मला थांबवावंसं वाटतं. मी देवगडचा, पुण्यात एका स्टुडिओत गेम टेस्टिंग करतो.

कन्सोल किती खपले हा अर्धाच हिशेब आहे. बऱ्याचदा मशीन सुरुवातीला तोट्यात विकतात. पीएस3 तर चांगलाच तोट्यात होता. कमाई होते ती गेममधून, दर डिस्कमागे कंपनीला वाटा मिळतो. म्हणजे 41 'चि' मशीनं म्हणजे 41 गिऱ्हाइकं नव्हेत.

पीएसपीचं, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलचं, उदाहरण घ्या. मशीन साडेसात कोटींच्या वर गेलं. पण त्यात बदललेलं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारा आतला प्रोग्राम, टाकणं इतकं सोपं झालं होतं, की बॅटरीत थोडा फेरफार करून सुरुवातीच्या मॉडेलची कुलूपबंद मशीनं उघडायचे. गेम मेमरी स्टिकवर उतरवायच्या आणि खेळायच्या. पश्चिमेकडच्या प्रकाशकांनी पुढे त्याच्यासाठी गेम काढणं कमी केलं. खपाचा आकडा छान दिसत राहिला आणि आतून झाड पोकळ होत गेलं. आमच्या बागेत खोडकिडा लागलेला आंबा असाच दिसतो, पालवी येते, फळ धरत नाही.

आणि एक सांगतो, कारण ते मी जगलोय. आम्ही एका छोट्या गेमवर दीड वर्ष काम केलं. शेवटचे तीन आठवडे ऑफिसातच झोपलो. एक दोष होता, पुलावरून उडी मारताना पात्र जमिनीतून खाली पडायचं, पण दर चाळीस-पन्नास वेळांतून एकदाच. तो शोधायला मी एकाच पुलावरून दोन दिवस उड्या मारत होतो. गेम प्रसिद्ध झाली त्याच संध्याकाळी कॉपी फिरायला लागली. माझ्या मामेभावाने मला अभिमानाने दाखवली, 'बघ, तुझी गेम उतरवली.' त्याला वाटलं मला आनंद होईल.

वाशिष्ठीकाठ:

देवगडकर, तुझं बोलणं मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी डीव्हीडी विकायचो ते कायद्याने चूक होतं आणि माणुसकीनेही, हे मला उशिरा कळलं. त्या 60 रुपयांतला एक पैसाही उड्या मारून दोष शोधणाऱ्याकडे गेला नाही. 2012 मध्ये पार्लर बंद केलं, तेव्हाच कॉपीही बंद केल्या. त्यानंतर चिप मारायला आलेल्या कोणाच्याही मशीनला मी हात लावला नाही.

तुझा पीएसपीचा मुद्दा मान्य. पण त्याला जोडूनच पुढचं बघ. पीएसपीनंतर सोनीने व्हीटा काढला, 2011 च्या अखेरीस. कॉपी होऊ नये म्हणून चांगलाच बंदोबस्त केला, त्यासाठी स्वतःचं वेगळंच महागडं मेमरी कार्ड आणलं. चार-पाच वर्षं तो कोणाला सहजी फोडता आला नाही. आणि खप? पीएसपीच्या जवळपासही नाही. चोर येऊ नये म्हणून एवढी उंच भिंत बांधली की पाहुणाही दारातून परतला. उलट निन्टेन्डोचा स्विच घे. 2018 मध्ये त्याच्या चिपमध्येच अशी फट सापडली, की आधी विकून झालेल्या मशीनमध्ये ती अपडेटने बुजवता येईना. तरी तो 15 कोटींच्या वर गेला, आणि लोकांनी ओरिजिनल गेम भरभरून घेतल्या. आपल्याकडे तर तो कंपनीने रीतसर आणलाही नाही, जो आला तो बाहेरूनच. म्हणून माझं म्हणणं, कॉपी होते की नाही यापेक्षा ओरिजिनल हाताशी आहे की नाही, हे आधी बघा.

मालवणच्या दादांसाठी: ड्रीमकास्टची कॉपी व्हायची हे खरं, पण दुखणं त्याच्या आधीचं होतं. जपानात पहिल्याच दिवशी माल कमी पडला, कारण त्याची ग्राफिक्स चिप पुरेशी तयारच होत नव्हती. जी गर्दी जमली होती तिला परत पाठवावं लागलं. सेगावर आधीच्या मशीनचा तोटा होताच, ईए सारख्या मोठ्या प्रकाशकाने गेम दिल्या नाहीत, आणि समोरून पीएस2 येतोय म्हणून लोक पैसे धरून बसले. कॉपीवाल्यांनी दार उघडलं ते 2000 मध्ये, तोवर घराला तडे गेलेले होते.

पण इथे माझ्याच म्हणण्याला एक गाठ पडते, मिऱ्याबंदर, ती लपवू नकोस. पीएस2 ला सुद्धा अमेरिकेत 2000 च्या ऑक्टोबरमध्ये माल कमी पडला होता. 10 लाख द्यायचे ठरले होते, सुटे भाग अडले म्हणून 5 लाखच दिले. तरी लोक थांबले. सेगासाठी थांबले नाहीत, सोनीसाठी थांबले. पीएस2 मध्ये डीव्हीडी सिनेमाही बघता यायचा, त्यामुळे घरातली मोठी माणसंही वाट बघायला तयार होती. म्हणजे तुटवड्याने मरतो तो ज्याच्यावर आधीच भरवसा कमी, आणि टिकतो तो ज्याच्यासाठी घरदार थांबायला तयार. 2021 मध्ये अमेरिकेतला माणूस थांबू शकला, कारण त्याला दर महिन्याला नवीन माल येताना दिसत होता. आम्हाला पिनकोडच चालत नव्हता. काही येतंय असं दिसलंच नाही तर माणूस कशाच्या आशेवर थांबेल?

मुद्दाम अडवतात का? पीएस5 च्या बाबतीत मला तसं वाटत नाही. महामारीत चिपचे कारखाने सगळ्या जगाला पुरे पडत नव्हते, गाड्यांचे कारखाने सुद्धा चिप नाही म्हणून थांबले होते. सोनी तेव्हा नवीन मशीन पुरेसं बनत नाही म्हणून जुना पीएस4 बनवत राहिली. अडवूनच ठेवायचं असतं तर कोणी असं करत नाही. पण जो थोडा माल आहे तो कुठे पाठवायचा हे कंपनी ठरवते, आणि त्या यादीत आपण कुठे होतो ते तू आणि मी दोघांनीही पाहिलंय.

प्रकल्पासाठी वही हवी असेल तर ये, बघायला देईन. नावं मात्र उतरवून घेऊ नकोस, फक्त गाव, वर्ष आणि 'चि'-'ओ' लिही. पुरात ती दोन दिवस पाण्यात होती. मी बल्बच्या कपाटात महिनाभर वाळवली. मधली पाच-सहा पानं गाळाने एकमेकांना चिकटली आहेत, ती ओढू नकोस, फाटतील. त्यांच्यावर 2008 आणि 2009 आहे, पण त्या दोन वर्षांतली मशीनं मला तोंडपाठ आहेत, ती मी तुला बसून सांगेन.

मिऱ्याबंदर:

काका, शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने येतो. पानांना हात लावणार नाही. देवगडकर दादा, तुमच्या पुलाच्या उडीची गोष्ट प्रकल्पात घेऊ का? नाव घालणार नाही.

देवगडकर_पुण्यात:

घे. आणि काकांना माझा नमस्कार सांग.